नजरबैठक

कुकर लावून शाल्मली टेबलाशी बसली, तेव्हा समोरच्या इमारतीच्या निम्म्या खिडक्यांतून माणसं तशीच बसलेली दिसत होती. मान किंचित खाली, डोळे एका जागी खिळलेले. परगावच्या माणसाला वाटलं असतं, मिरजेतली ही अख्खी वसाहत एकदम ध्यानाला बसली आहे. पण कोणाचं ध्यान वगैरे चालू नव्हतं. कोणी मोबाइल चार्ज करत होतं, कोणी कानातली यंत्रं. शाल्मलीसमोर फरशीच्या एका तुकड्यावर तिच्या मुलीची वाफकांडी ठेवली होती.

"आई, चालू झालं?" मागून जुईचा आवाज आला.

"झालं गं."

"मग आता माझ्याकडे बघू नकोस हं. नाहीतर थांबेल ते."

"शहाणी माझी बाय," शाल्मली मागे न बघताच म्हणाली. चार वर्षांच्या मुलीला एवढं कळतं याचं तिला कौतुक वाटलं. मागे एकदम शांत झालं, याचंही वाटलं.

वाफकांडी हे सिगारेट सोडवायला म्हणून निघालेल्या वेपचं नातवंड. बोटाएवढी नळी, आत तापणारी तार, तारेभोवती औषध. जुई वेळेआधी जन्मलेली, फुप्फुसं कच्ची राहिलेली. रोज सकाळ-संध्याकाळ त्या नळीतून औषधाची वाफ ओढली की तिचा दिवस सरळ जायचा. एक वेळ चुकली तर छातीत शिट्टी वाजायला लागायची आणि ओठांचा रंग बदलायचा.

तार तापवायला बॅटरी लागते, आणि बॅटरी म्हटली की आग आली. जुन्या वेपच्या डब्यावर सूचना छापलेल्या असत: चार्जिंगला लावून झोपू नका, उशीखाली ठेवू नका, दुसऱ्याचा चार्जर वापरू नका, फुगलेली बॅटरी फेकून द्या. लोक सूचना वाचायचे आणि चार्जिंगला लावून झोपायचे. बॅटरी जास्त भरली, की तिच्या पोटात धातूचे केसासारखे बारीक तंतू वाढतात. एखादा तंतू या बाजूचा त्या बाजूला टेकला की संपलं. गादी पेटते, मग पडदा. आगींचा तपास करणाऱ्यांना प्रत्येक घरात एकच गोष्ट सापडली. बॅटरी आधी फुगली होती, कोमट झाली होती, तिला गोडसर वास सुटला होता. जवळ बसलेल्या कोणालाही ते कळलं असतं. जवळ कोणी नव्हतं.

माणसं सूचना पाळत नाहीत, म्हणून डॉ. मुक्ता सबनीस यांनी सूचना बॅटरीतच घातली. त्यांनी केलेल्या बॅटरीला साक्षीपेशी म्हणतात. तिच्या अंगावर तांदळाच्या दाण्याएवढी काच असते. त्या काचेतून न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो. आपला डोळा सरळ त्या काचेकडे बघत असेल, तरच तो प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत फिरतो. गाडीच्या दिव्यात मांजराचे डोळे चमकतात तसा. जिवंत डोळ्यातून परत आलेल्या प्रकाशात रक्ताची बारीकशी थरथर असते, त्यामुळे फोटो, बाहुली, कॅमेरा यांना पेशी फसत नाही. असा प्रकाश मिळाला की पेशीतलं एक पटल आपली छिद्रं उघडतं आणि ती भरू लागते. नजर हलली, छिद्रं बंद. पापणी लवण्यापुरती सूट.

आगी थांबल्या. खिशात मावणाऱ्या प्रत्येक बॅटरीला साक्षीपेशी सक्तीची झाली आणि रोज घराघरांत नजरबैठक सुरू झाली. निवृत्त माणसांना चार्जिंग केंद्रांत काम मिळालं; "आयुष्यभर बायको म्हणायची, नुसते बघत बसता," असा विनोद तिथला प्रत्येक आजोबा करायचा. शाल्मलीने कांडी एकदाच केंद्रात दिली होती. बघणाऱ्या काकांच्या गप्पा रंगल्या, कांडी अर्धवट भरून आली, आणि त्या संध्याकाळी जुईला घेऊन दवाखाना गाठावा लागला. तेव्हापासून कांडीकडे शाल्मली स्वतः बघायची. तिचा नवरा निनाद कारखान्यात पाळीवर असायचा, घरी असला तर तोही बसायचा; पण तो बघताना ती मागे उभी राहून त्याच्याकडे बघायची.

जुईच्या छातीवर श्वास मोजणारी पट्टी होती. तिचा आलेख मोबाइलवर यायचा, आणि शाल्मली तो दिवसातून इतक्यांदा उघडायची की निनाद म्हणायचा, "शेअर बाजारवाले पण एवढं बघत नसतील."

"हा खड्डा बघ," एकदा ती म्हणाली. "आणि हा. सकाळी एक, संध्याकाळी एक. रोज."

"बसली असेल शांत खेळत."

"मी कांडी चार्ज करत असते तेव्हाच? बरोबर तेव्हाच?"

निनादने आलेख बोटाने पुन्हा मागे सरकवला. त्यालाही तो योगायोग वाटला नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

म्हणून ती जुईला घेऊन थेट डॉ. सबनीसांच्या प्रयोगशाळेत गेली. त्या पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, साडीवर पांढरा कोट घातलेल्या बाई होत्या.

"मॅडम, तुमच्या कांडीतून चार्जिंगच्या वेळी काहीतरी बाहेर पडतं," शाल्मली म्हणाली. "त्याने माझ्या मुलीचा श्वास दबतो."

"काहीतरी म्हणजे?"

"ते मला कळत असतं तर मी कशाला आले असते?"

सबनीस हसल्या. "बरोबर आहे. चला, बघूनच टाकू. मी कांडी चार्ज करते, तुम्ही मुलीकडे बघा."

त्यांनी कांडीवर नजर लावली. शाल्मली जुईकडे बघत राहिली. जुई खुर्चीवर पाय हलवत, भिंतीवरच्या तक्त्यातले रंग मोजत होती. बराच वेळ गेला. आलेखाची रेघ छान वरखाली होत होती. खड्डा नाही.

"कांडी निर्दोष सुटली," सबनीस म्हणाल्या. "आता कांडी बंद. मी या पडद्यावर आलेख बघते. तुम्ही उठा आणि खिडकीबाहेर बघा."

"बाहेर काय आहे?"

"काही नाही. पार्किंग आहे. बघा."

शाल्मली खिडकीशी गेली. खाली दोन माणसं एक स्कूटर ढकलत होती. मागे खुर्चीचा कुरकुर आवाज येत होता, तो थांबला. मग सबनीसांचा आवाज आला, आधीपेक्षा वेगळा. "शाल्मलीताई, वळा. आत्ता."

ती वळली. जुई हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. डोळे उघडे, पण कशावरच नाहीत. आईची नजर पडल्याबरोबर तिने मोठा श्वास घेतला आणि पाय पुन्हा हलू लागले.

सबनीस खुर्ची ओढून जुईसमोर बसल्या. "जुई, आई तिकडे बघत होती तेव्हा तू काय करत होतीस?"

"काही नाही. बंद होते."

"बंद म्हणजे?"

"आई बघत नव्हती ना," जुई म्हणाली. मंद मुलाला समजावताना शाळेतल्या बाई बोलतात तशी, सावकाश.

सबनीसांनी विचारलं, "तुम्ही तिला औषध कसं देता? देताना काय म्हणता?"

"काय म्हणणार? सगळ्या आया म्हणतात तेच. बघू बघू, कोण मोठ्ठा श्वास घेतंय! मी बघतेय हं, ओढ!" बोलता बोलता तिने जुईकडे पाहिलं. "मीच शिकवलं का हे?"

"नाही. एकट्या तुम्ही नाही. तिचा रात्रीचा दिवा, तिची गाणारी बाहुली, ही कांडी, सगळं कोणीतरी बघितलं म्हणून भरतं आणि भरलं म्हणून चालतं. जन्मल्यापासून तिने दुसरं काही पाहिलेलंच नाही. यातून तिने नियम काढला. मी तिच्या जागी असते तर हाच काढला असता. एरवी तुम्ही तिच्यावरून नजर हलवत नाही, म्हणून खड्डे फक्त कांडीच्या वेळी."

"पण श्वास कोणी थोडाच ठरवून घेतं?"

"श्वास ही अर्धी आपल्या हातातली गोष्ट आहे. झोपेत तो आपोआप चालतो, पण जागेपणी आपण तो रोखू शकतो, बारीक करू शकतो. धडधाकट मूल बंद व्हायचा खेळ खेळलं तर बिघडत नाही. हिच्या फुप्फुसांत तेवढी शिल्लक नाही. तुम्ही पहिल्या नाही आहात. सगळे येतात ते कांडीचीच तक्रार घेऊन."

"मग काढून टाका ना ते पटल! मुलं आधी की बॅटऱ्या?"

"आगीत पण मुलंच गेली होती," सबनीस हळू म्हणाल्या. "काढा म्हणून सांगायला मी आज तयार होईन. पण पुन्हा पहिलं घर पेटेल, त्या घरातल्या आईला काय सांगू?"

सबनीसांनी उपाय सांगितला तो साधा होता. रोज थोडा वेळ मुलीकडे बघायचं नाही, पण बोलत राहायचं. कोणी बघत नसतानाही आपण चालू असतो, हे तिचं तिला कळू दे.

शाल्मली स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहायची आणि ओरडायची, "मी बघत नाहीये, तरी जुई चालू!" बाहेरून उत्तर यायचं नाही. मग एका सकाळी आलं. "चालू आहे!" ती धावत बाहेर गेली. जुईने स्टीलची वाटी उचलून तोंडासमोर धरली होती आणि तिच्या बुडात स्वतःचे डोळे बघत बसली होती.

"मीच माझ्याकडे बघते," ती म्हणाली.

खड्डे बुजले. निनाद खूश झाला. "पोरीने स्वतःचा चार्जर शोधला," म्हणाला. शाल्मलीने सबनीसांना फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी वाटी कसली ते विचारलं. मग म्हणाल्या, "राहू दे सध्या. श्वास घेतेय ना?"

घेत होती. वाटी घेऊन जेवायची, वाटी घेऊन झोपायची. शाल्मलीला त्या वाटीतला वेडावाकडा चेहरा बघवत नसे. पण आलेखात खड्डा नव्हता.

मग सर्दीचा आठवडा आला. जुई रात्ररात्र खोकायची आणि शाल्मली बसून राहायची. त्या दुपारी निनाद कामावर होता. शेजारचे गावाला गेले होते. संध्याकाळच्या औषधासाठी शाल्मली कांडीसमोर बसली. किती भरलं ते दाखवणारी कांडीवरची हिरवी रेघ चढायला लागली. तिच्या पापण्या जड झाल्या. रेघ थांबली, तेव्हा ती बघायला जागी नव्हती.

जाग आली ती गालाखालच्या टेबलाच्या कडेने. उन्हं कलली होती. जुई अगदी खुर्चीला लागून उभी होती. डोळे लालभडक, त्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पापणी लवू देत नव्हती. वाटी लांब फरशीवर पालथी पडली होती.

"जुई! किती वेळ उभी आहेस?"

"तू बंद पडली होतीस," जुई म्हणाली. प्रत्येक शब्दामागे शिट्टी वाजत होती. "म्हणून मी बघितलं. वाटी टाकून. आता तू चालू झालीस."

तिचे ओठ निळसर झाले होते. शाल्मलीने मोबाइल उचलला. पट्टीची घंटा त्यावर वाजायला हवी होती, पण मोबाइल केव्हाच बंद पडला होता. त्याच्याकडे बघायला आज कोणालाच वेळ झाला नव्हता. कांडी उचलून तिने जुईच्या तोंडाला लावली. तार तापली नाही. एका औषधापुरतीही भरलेली नव्हती.

दवाखाना लांब होता, कांडी समोर होती. ती परत वायरला लावून तिने जुईला मांडीवर घेतलं.

"बाळा, आता तू श्वास घे. मोठा घे. आई इकडे बघणार, पण तू चालू. चालूच असतेस तू. ऐकतेस ना? वाटी देऊ का?"

जुईने नाही म्हणून मान हलवली. "मग तुझ्याकडे कोण बघणार?"

"माझ्याकडे बघायला नको गं! मी आपोआप चालते."

"मघाशी नव्हतीस," जुई म्हणाली, आणि दोन्ही हातांनी आईचा चेहरा धरून तिच्याकडे बघू लागली.

शाल्मलीने नजर कांडीवर लावली. हिरवी रेघ हलली, वर सरकली. तिच्या गालावर त्या दोन डोळ्यांचा भार होता. शाल्मली कांडीकडे बघत होती, जुई शाल्मलीकडे. जुईकडे बघायला घरात कोणी उरलं नव्हतं.

"श्वास घे सोन्या. आवाज येऊ दे मला. बोल काहीतरी."

जुई बोलली नाही. गप्पा मारताना नजर हलते, हे केंद्रातल्या त्या काकांची गोष्ट सांगून आईनेच तिला शिकवलं होतं. मघाशी कानाशी शिट्टी वाजत होती, ती बारीक झाली. गालावर लागणारा श्वास लागतोय की नाही, नीट कळेना. कळण्यासाठी एकदाच मान वळवायला हवी होती.

रेघ अजून अर्ध्यावर आली नव्हती.