प्रश्न दोनशे बारा

केतकी ओट्यापाशी उभी होती. तिच्या एका हाताशी दोडके होते, दुसऱ्या हाताशी गवारीची जुडी. ती अशी उभी राहिली त्याला पाऊण तास होऊन गेला होता.

"केतकी, गवार कर," सलील दारातून म्हणाला.

"करते," ती लगेच म्हणाली. मग तिचा हात थांबला. "पण दोडका आज केला नाही तर उद्या जून होईल. गवार तुला आवडते. पण निवडायला वेळ लागतो. दोडका पचायला हलका आहे."

तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. सूर मात्र सपाट होता, कोणीतरी दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवावं तसा. शेवटी सलीलनेच दोडके उचलून फ्रिजमध्ये ठेवले. पर्याय एकच उरला की तिचं काम सुरळीत चाले.

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, आणि ही सगळी वर्षं उलटं चालत आलं होतं. कराडच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून आयुष्य काढलेल्या सलील टिकेकरला शर्ट निवडायचा असला तरी तो विचारी, "तुला काय वाटतं?" आणि केतकी हातातलं काम न थांबवता सांगे, "निळा. आणि तिथे भिंतीवरच्या पालीसारखा चिकटून उभा राहू नकोस, आत ये."

मार्चमध्ये तिच्या मेंदूत एक बारीकशी रक्तवाहिनी बंद झाली. ती चार दिवसांत हिंडू-फिरू लागली. भाषा, स्मरण, हिशेब सगळं शाबूत. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं काम केलं होतं. तिथली सूत्रंही तिला धडाधड आठवत होती.

मिरजेच्या मेंदू संस्थेतल्या डॉ. यशोधरा मगदूम यांनी सलीलला आपल्याच कपाळावर हात ठेवायला सांगितला होता.

"काका, या हाडाच्या मागे, डोळ्यांच्या जरा वर, मेंदूचा एक भाग असतो. आम्ही त्याला तोल-केंद्र म्हणतो. समजा, रस्त्यात कोणाचं पाकीट सापडलं. ते परत करायचं की नाही, याची कारणं मेंदू दहा ठिकाणांहून गोळा करतो. पण कुठलं कारण जड आणि कुठलं हलकं, हे इथे ठरतं. केतकीताईंकडे कारणं सगळी आहेत. वजनं गेली."

"म्हणजे तिला खरं-खोटं कळत नाही?"

"कळतं ना. पण खरं बोलावं असं वाटत नाही, आणि खोटं बोलावं असंही वाटत नाही. दोडका आणि गवार, तसंच ते."

उपाय होता. सात-आठ वर्षांपासून तो सर्रास वापरात होता, त्यात आता कोणाला नवल वाटत नव्हतं. मेंदूत चेतापेशींची एक जाळी बसवायची. तिला नाव होतं तोलपट. प्रत्येक निवडीच्या वेळी जाळी योग्य बाजूला हलकासा धक्का देते. सहा महिन्यांत शेजारच्या जिवंत पेशी तो धक्का शिकून घेतात आणि जाळी विरघळून जाते. पुढे जे उरतं ते त्या माणसाचं स्वतःचं.

पण योग्य बाजू कोणती, हे जाळीला आधी शिकवावं लागे. शहाणी माणसं धडधाकट असतानाच आपली उत्तरं नोंदवून ठेवत, मृत्युपत्र करावं तशी. ज्यांनी ती ठेवली नसतील त्यांच्यासाठी मूल्यसाक्षी असे. रुग्णाला जवळून ओळखणारं एक माणूस, त्याने रुग्णाच्या वतीने उत्तरं द्यायची. हल्ली लग्नाच्या नोंदणीतच मूल्यसाक्षीच्या नावाचा रकाना आलेला होता.

केतकीने स्वतःची उत्तरं नोंदवायला साफ नकार दिला होता. "मी काय वागेन ते तीनशे चौसष्ट प्रश्नांत मावतं होय? आणि सलील आहे की. त्याला पाठ आहे मी." मूल्यसाक्षीच्या नोंदणीला गेल्यावर कार्यालयातल्या बाईसमोर ती हे इतक्या ठामपणे म्हणाली की सलीलला आपल्याला ती खरोखरच पाठ असल्यासारखं वाटलं होतं.

आता मिरजेच्या संस्थेत काचेच्या छोट्या खोलीत पडद्यासमोर बसल्यावर त्याने आधी तळहात रुमालाला पुसले.

पहिले प्रश्न सोपे होते. दुकानदाराने चुकून जास्तीचं सामान दिलं तर? केतकी परत करेल, आणि वर त्याला नीट बघून द्यायला सांगेल. पाहुणे आले आणि डोकं दुखत असलं तर? डोकं दुखतंय असं सांगेल आणि चहा टाकेल. पण सलीलला सोप्या उत्तराचीही भीती वाटे. खरंच सांगेल? मावशीबाई आल्या होत्या तेव्हा सांगितलं नव्हतं. त्याने 'सांगता येत नाही' दाबलं. पाचव्या खेपेला पडद्यावर सूचना आली की हा पर्याय पाचच वेळा मिळतो आणि तो आता संपला. तो तेव्हा एकोणिसाव्या प्रश्नावर होता.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," डॉक्टर हसल्या. "काही जण दहाव्यालाच संपवतात. ते बहुतेक नवरेच असतात."

पाचव्या दिवशी प्रश्न दोनशे बारा आला.

'तुम्ही ज्याच्याशी संबंध तोडले, त्याच्याशी तुमच्या अत्यंत जवळच्या माणसाने तुमच्यापासून लपवून संबंध चालू ठेवले. हे कळल्यावर तुम्ही काय कराल? अ : त्या माणसाशीही संबंध तोडाल. ब : माफ करून विषय संपवाल. क : माफ कराल, पण पुन्हा विश्वास ठेवणार नाही.'

सलीलने चष्मा काढून पुसला. परत घातला. प्रश्न तोच होता.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, निनादने, सांगलीजवळच्या एका नव्या वसाहतीच्या बोअरचं पाणी पिण्यालायक असल्याचा दाखला दिला होता. त्या पाण्यात तान्ह्या मुलांना घातक इतकं नायट्रेट होतं. निनादला ते माहीत होतं. बिल्डरला घाई होती आणि निनादला बढतीची. केतकीने नमुना स्वतः तपासला, तक्रारही स्वतःच्या सहीने केली. निनादची नोकरी गेली. तो घरी आला तेव्हा तिने उरलेल्या नमुन्याचा पेला भरून त्याच्यापुढे ठेवला. "हा माझ्यासमोर पी, आणि मग घरात ये." निनादने पेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तो उंबऱ्यावरूनच परत गेला.

त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सलील वाचनालयाची जुनी पुस्तकं बांधणीला टाकायला म्हणून सांगलीला जाऊ लागला. पुस्तकं खरोखरच न्यायचा, म्हणजे खोटं निदान अर्धंच राहील. केतकी तीन कप्प्यांचा डबा भरून देई. एकात थालीपीठं, एकात भाजी, तिसऱ्यात लसणाची चटणी. सलीलच्या पोटाला लसूण सोसत नसे, तरी ती घालायची; जुनी सवय, दुसरं काय. त्याबद्दल विचारायचा त्याला धीर नव्हता, कारण डब्याचा विषय निघाला की सांगलीचा निघाला असता. चटणी निनाद बोटाने पुसून खायचा.

सलीलने खूप वेळ 'अ' या अक्षराकडे पाहिलं. आपल्याला ठाऊक असलेली केतकी तिथेच होती, असं त्याला वाटलं. मग त्याच्या मनात आलं, ती बरी झाल्यावर हे कधी ना कधी तिला कळेलच. मी ते आणखी किती वर्षं लपवणार? आणि पोरगा? त्याला आई भेटायला नको?

त्याने 'ब' दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली : 'हे उत्तर आधीच्या अकरा उत्तरांशी विसंगत आहे. हे बदलायचं, की ती?'

काचेपलीकडे डॉक्टर कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या. सलीलने ती अकरा उत्तरं बदलली. चोरी करावी तशी, एकेक, मान खाली घालून. दुकानदाराचं जास्तीचं सामानही त्यात होतं.

सप्टेंबरपर्यंत केतकी बरी झाली. ओट्यावर तिचे हात भराभर चालू लागले. रिक्षावाल्याशी गप्पा मारू लागली, शेजारणीच्या तक्रारी मान हलवत ऐकू लागली. "काकू किती मऊ झाल्या हो," शेजारीण सलीलला म्हणाली. तिने ते कौतुकाने म्हटलं होतं.

एका सकाळी सलीलने जीव मुठीत धरून विचारलं, "निनादला बोलवू या का घरी?"

"बोलाव की! केवढे दिवस झाले," केतकी म्हणाली.

इतकं सोपं होतं ते. सलील बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला.

निनाद रविवारी आला. चाळिशीचा, कानाशी पांढरा झालेला. येताना त्याने पिशवीतून एक बाटली आणली होती. चप्पल काढली, पण उंबरा ओलांडला नाही.

"आई, एक पेला दे."

केतकीने दिला. निनादने बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. "त्याच बोअरचं आहे. वसाहतीला आता धरणाचं पाणी येतं, तरी मी हे मुद्दाम काढून आणलं. तू सांगितलं होतंस ना? माझं चुकलं होतं, आई. तिथे लहान मुलं होती आणि मला माहीत होतं. तेव्हा हा पेला उचलायची माझी हिंमत झाली नाही."

त्याने पेला तोंडाला लावला.

"अरे, अरे, ते कशाला पितोस?" केतकीने हसत त्याच्या हातून पेला काढून घेतला आणि कुंडीत ओतला. "फिल्टरचं घे. नऊ वर्षं तेच डोक्यात घेऊन बसलास? जाऊ दे रे. तुझ्यावर वरून दबाव असेल. सगळेच करतात तसं. ये आत, शिरा केलाय."

निनाद आत आला. शिरा खाल्ला. सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली. सलील त्याला बसपर्यंत पोहोचवायला गेला तेव्हा तो गल्लीच्या कोपऱ्यावर थांबला.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"मी? मी काय... ती बरी झाली आहे. तुला माफ केलं तिने."

"नाही केलं. माफ करायला आधी चूक दिसावी लागते." त्याने पिशवीतली बाटली चाचपली. "मी तो पेला तळापर्यंत प्यायलो असतो. तिने फक्त समोर उभं राहून बघायचं होतं. आता कोणासमोर पिऊ?"

बिनचालकाची बस आली आणि तो मागे न बघता चढला.

सोमवारी सलीलने डॉ. मगदूमना फोन केला आणि बाराही उत्तरं कबूल केली.

"असं करणारे तुम्ही पहिले नाही, काका. जाळी नव्याने बसवता येते. उत्तरंही नव्याने देता येतील. पण आता त्या स्वतः निर्णय घ्यायला समर्थ आहेत. त्यांची संमती लागेल."

"कोणाची?"

"केतकीताईंची. आत्ताच्या."

आठवडाभर त्याने केतकीजवळ हे काढलं नाही. शनिवारी सकाळी केतकी फडताळातून तीन कप्प्यांचा डबा काढून पुसत होती.

"आज दुसरा शनिवार. पण आता निनादच घरी येतो म्हटल्यावर हा वर ठेवून देऊ ना? चटणीही वाटायला नको."

सलीलच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "चटणी?"

"लसणाची. तुला कुठे चालते? नऊ वर्षं कोणासाठी घालत होते मी?"

"तुला... माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. बांधलेल्या पुस्तकांवर दुकानात जमा केल्याचा शिक्का बुधवारचा असायचा, आणि तू जायचास शनिवारी." ती हसली. "तू पुस्तकांतला माणूस, तुला खोटं कुठे जमतंय."

"मग बोलली का नाहीस?"

केतकी डबा पुसायची थांबली. तिने खरोखर आठवून पाहिलं.

"बोलायचं नाही असं ठरवलं होतं, एवढं पक्कं आठवतं. त्याला घरात घ्यायचं नाही, तुला अडवायचं नाही, आणि चटणी चुकवायची नाही. रोज रात्री त्यावर विचार करायचे, तेही आठवतं. पण का, ते आता पटत नाही रे. उगाच छळलं मी सगळ्यांना, असं वाटतं."

सलील खुर्चीच्या कडेवर बसला. तिचं उत्तर अ नव्हतं. ब नव्हतं, क तर नव्हतंच. ती तिसऱ्या कप्प्यात होती आणि सलील तो कप्पा दर महिन्याला आपल्या हातांनी उघडत होता.

त्याने मग सगळं सांगितलं. दोनशे बारावा प्रश्न, लाल अक्षरं, बदललेली अकरा उत्तरं. सांगताना तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिने फटकारावं, उठून जावं, निदान 'पाल' म्हणावं.

केतकीने त्याच्या हातावर हात ठेवला. "किती घाबरला असशील तू तेव्हा. असू दे. माझ्या मनात काही नाही."

"डॉक्टर म्हणतात, जाळी पुन्हा बसवता येईल. तू होतीस तशी... जमेल तितकी. पण तू हो म्हणायला हवंस."

"मी बरी आहे की. हलकं वाटतं आता." मग त्याचं तोंड पाहून ती घाईने म्हणाली, "पण तुला समाधान वाटणार असेल तर करू. नसेल तर राहू दे. तुला काय वाटतं, सलील?"

डबा दोघांच्या मध्ये उघडा पडला होता. ती उत्तराची वाट बघत होती. अगदी तशी, जशी त्रेचाळीस वर्षं तो बघत आला होता.

सांगता येत नाही, हे त्याचं खरं उत्तर होतं. पण ती पाचही त्याने पहिल्याच दिवशी वापरून टाकली होती.