कियोमिझूचा शेवटचा ठसा

दार सरकवलं तसा रिसुके बाहेर कलंडला. लाकडी ठशांवर चित्रं कोरणारा क्योटोतला तो नावाजलेला कारागीर. अंगावर जखम नव्हती, पण नखं सोललेली. खोलीत शेगडीभर राख, आणि खिडकीच्या फळ्या बाहेरून ठोकलेल्या. तपासाला आलेल्या देन्झाबुरोचा तिथं जीव घुसमटला.

"कोंडून का ठेवला होतात?"

"देवळांची चित्रं चेरीचा बहर आहे तोवरच खपतात, साहेब," छापखान्याचे मालक काहेईशेठ म्हणाले. "हा सुटला की दारूला बसायचा."

"शेवटचा जिवंत कधी पाहिलात?"

"आज सकाळी. माझ्यासमोर त्यानं कियोमिझूच्या देवळाचा हा ठसा कागदावर काढला. मग किल्ली या उहेईला देऊन मी देवदर्शनाला गेलो. त्यानंतर यानंच आत शेगडी ठेवली. कोळशाच्या धुरानं मेला बिचारा!"

छपाई करणारा उहेई पांढराफटक पडला. "नाही हो साहेब! 'झोपलाय, दार उघडू नकोस,' असं शेठच म्हणाले. मी दाराला हातसुद्धा लावला नाही."

"मग काय भुतानं ठेवली शेगडी? घरात दुसरं होतं कोण?"

उहेईनं दरवाजाकडे पाहिलं. तिथं शिपाई उभा होता.

बाहेर रिपरिप चालू होती. उहेईनं सकाळी छापलेली चित्रं दोरीवर लोंबत होती. देन्झाबुरोनं एकाला बोट लावलं. ओलं. मग शेठच्या हातातलं चित्र घेतलं. गुलाबी बहर, वर देवळाचं छप्पर. कागद कडक, कोरडा.

"शेठ, ठसा ओलसर कागदावर उठतो. सकाळची ही चित्रं अजून ओली, मग तुमचं कोरडं कसं?"

"त्यानं... शेगडीवर वाळवलं."

"शेगडी तर तुम्ही गेल्यावर आली ना?"

शेठ चित्र परत घ्यायला पुढं सरसावले.

"हे चित्र कालचं आहे," देन्झाबुरो म्हणाला. "काम संपलं, तरी तुम्ही त्याला सोडलं नाहीत. रात्री गारठा, म्हणून शेगडी तुम्हीच आत सारलीत आणि कुलूप लावलंत. सकाळी तो मेलेला दिसला, तेव्हा किल्ली उहेईच्या गळ्यात बांधलीत. का नाही सोडलंत?"

"दुसऱ्या छापखान्यात निघाला होता," काहेईशेठ पुटपुटले. "बहर सरेपर्यंत अडकवायचा होता, एवढंच."

"दार ठोठावलं असेल त्यानं."

"ठोठावलं. मला वाटलं, दमेल आणि बसेल गप्प."

"बसला की," उहेई म्हणाला.

देन्झाबुरोनं कमरेची दोरी सोडली. "हात पुढं करा, शेठ."