हिरामणचा डावा गुडघा

सकाळी साडेसातला फौजदार केसरीनाथ वळ गावच्या बास्केटबॉल मैदानावर पोचले, तेव्हा हिरामण बोर्डाखाली पालथा पडला होता. सहा फूट पाच इंचांचा देह. टाळू फुटून हाड आत गेलेलं. शेजारी रक्तानं माखलेली पहार.

साल १९९३. हिरामण बारा वर्षं एका मोठ्या कंपनीचा पगारी खेळाडू, त्यातली सात देशाच्या संघात. ब्याऐंशीत सरावात गुडघा फुटला, खेळ संपला. गावी परतून त्यानं हे मैदान उभारलं. इथल्या नऊ मुली राज्याकडून खेळल्या.

केसरीनाथांनी प्रेत उलटवलं. डाव्या गुडघ्याला पट्टी घट्ट बांधलेली, गाठ मागच्या बाजूला. पट्टीवर वरून रक्त ओघळलेलं. उजव्या हाताची बोटं जुन्या दुखापतीनं ताठ.

"भांडण कुणाशी होतं?"

"काळूरामशी. या जमिनीवरून," दौलत म्हणाला. हिरामणचा जुना सहखेळाडू. मुलींना तोही शिकवी. "काल कोयता घेऊन आला होता."

"तुम्ही कधी आलात?"

"सातला. हा असाच पडलेला. मी हातसुद्धा लावला नाही."

बोलावून आणलेला काळूराम बुटका, केसरीनाथांच्या खांद्याला लागेल एवढा. "कोयता दाखवला, खोटं न्हाय बोलनार. पन मारला न्हाय."

हिरामणची बहीण गोदूबाई घराच्या दारात बसून होती.

"घरून कधी निघाला, ताई?"

"सहाला. पट्टी खिशात घालून."

"स्वतः बांधायचा?"

"बोटं कुठं वळतात त्याची? मैदानात खुर्चीत बसतो, दौलत बांधतो. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाय."

केसरीनाथ मैदानावर परतले.

"दौलत, एवढ्या उंच माणसाच्या टाळूवर घाव बसला, म्हणजे तो बसलेला होता. उभ्या हिरामणच्या डोक्यापर्यंत काळूरामचा हात पोचला नसता, आणि काल कोयता दाखवणाऱ्यासमोर हिरामण निवांत बसला नसता. पट्टी घरून खिशात आली. रक्त सांडलं तेव्हा ती गुडघ्यावर होती. त्याला स्वतःला बांधता येत नव्हती. तुम्ही सातला आलात, तर बांधली कुणी?"

दौलत खाली बसला.

"ब्याऐंशीत त्याचा गुडघा मीच फोडला. मुद्दाम. संघात त्याची जागा मला मिळाली. आज पट्टी बांधून उठलो, तर म्हणाला, 'मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता मुलींना खरं सांग, मग मैदान तू सांभाळ.' पहार हाताशीच होती."

"त्यानं तर माफ केलं होतं."

"अकरा वर्षांपूर्वीच, साहेब. तेच सोसवलं नाही."

फाटकाशी मुली सरावाला जमल्या होत्या. केसरीनाथांनी दौलतला बेड्या घालून त्यांच्यामधूनच बाहेर नेलं.