नारळाआधी लोटलेली होडी

कंदील जरा बारीक कर रे शिवदास. रॉकेल काय तुझा सासरा पाठवतो? नि दात काढू नकोस. भूत बघितलंय काय आजा, म्हणून विचारतोस, तर मी न्हाय बघितलं. ज्याच्यावर हे गुदरलं, त्यालाही धड काय दिसलं न्हाय. तो भिकू. आपल्याच आळीतला, पुढं मुंबईला गोदीत कामाला गेला तो. त्यानं मला गळ्याची शपथ घातली होती, की माझ्या बायकोच्या कानावर जाता कामा नये. ती तुळशी गेल्या साली वारली. म्हणून आज बोलतो.

एकोणसाठ सालची आषाढातली अवस. दिव्यांची अवस, मंगळवार. घराघरांत दिवे घासूनपुसून पुजलेले. पाऊस दुपारीच उघडलेला. भिकूला त्या रात्री एवढंच काम होतं, की खाडी ओलांडून पलीकडच्या दांड्यावर जायचं नि एक गाठोडं घेऊन यायचं.

तो दांडा तुम्ही पोरांनी बघितलेला न्हाय. खाडीच्या तोंडाला वाळूची लांब पट्टी होती, वर केवड्याचं बन. तान्हं पोर गेलं की आपण त्याला जाळत न्हाय, पुरतो. आपल्या आळीतली सगळी तान्ही तिथंच पुरलेली, वर एकेक दगड ठेवून. भिकूचं पोरगंही तिथंच. लग्नाला किती वर्षं लोटली, तवा कुठं तुळशीच्या पोटी ते आलं होतं. आलं तसं गेलं.

नि दर्या दांडा खात सुटला होता. आधी पुढचा केवडा गेला, मग मधला. आषाढी पुनवेच्या उधाणानं तर अशी धडक दिली, की दगड कडेवर लोंबायला लागले. तुळशी रोज ह्या काठावर येऊन बघत बसायची. घरी गेली की नवऱ्याच्या मागं लागायची, "त्याला उचलून वर आणा. नागावच्या वाटेला जांभळीखाली ठेवू."

तिची सासू गोदूबाई अंगावर यायची. "पुरलेलं उकरायचं नसतं गो! एकदा मातीला दिलं ते दिलं."

"मातीला दिला व्हता, आत्याबाई. दर्याला न्हाय दिला."

 तरी उकरू द्यायला काय म्हातारी तयार झाली न्हाय.

आता बघा, ओहोटीला खाडीत गुडघाभर पाणी. माणूस चालत जाऊन येतो. पण अवसेची ओहोटी सांजेला, लख्ख उजेडात, नि आळीतली म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली. भिकू काळोखासाठी थांबला. काळोख पडेतो भरती चढली. ही असली भरती, मध्यरात्री भरणारी. दांडा सकाळपर्यंत टिकत न्हाय, हे त्याला काठावरूनच कळलं.

मग त्यानं होडी काढली. होड्या सगळ्या नारळीच्या झापांनी शाकारून वर ठेवलेल्या. नारळी पुनवेला पंधरवडा होता. दर्याला नारळ दिल्याबगर आपला माणूस होडी पाण्यात घालत न्हाय, हे तुम्हाला काय नव्यानं सांगायचं? भिकूनं मनाची समजूत घातली, की खाडी म्हणजे काय दर्या न्हाय. अरे, पण भरतीला खाडी कुठं संपते नि दर्या कुठं सुरू होतो, सांग बघू मला?

तुळशी काठावर उभी राहिली. त्यानं एकट्यानं होडी लोटली.

जाताना काय त्रास झाला न्हाय. दांडा आता एवढासा उरलेला. लाट आली की वाळू भसाभस ढासळत होती. त्यानं कंदील केवड्याला अडकवला, आपला दगड ओळखला, नि हातानं उकरलं. तुळशीच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा लागला. त्यात काय होतं ते त्यानं बघितलं न्हाय. तसाच उचलून खांद्यावरच्या धडप्यात बांधला, गाठ मारली, नि होडीच्या नाळेत, पुढच्या बाजूला, अलगद ठेवला. "चल रं बाला, घरी जाऊ," बोलला. मला हे सांगताना तो रडला. दांडगा गडी, पण रडला.

कंदील घेऊन परत निघाला तवा भरती भरून पाणी फिरलं होतं. ओहोट लागली. खाडीचं सगळं पाणी तोंडाकडं धावत होतं. त्यानं वल्हं मारलं. होडी हलली न्हाय.

रुतली असंल म्हणून उतरून लोटली. सुटली, पण जड. घरच्यांना सगळ्यांना बसवून जत्रेला निघावं, तशी जड. भिकूला वाटलं, फळी उसवली, पाणी शिरलं. तळाला हात लावला.

कोरडं.

तेवढ्यात होडी डावीकडं कलली. हळूच. कुणी पाण्यातनं कडेला धरून वर चढावं, तशी. मग सरळ झाली... पण थोडी खाली बसून.

मग उजवीकडं कलली. पुन्हा सरळ. पुन्हा खाली.

त्यानं कंदील उचलला. होडीत कोण न्हाय. पाण्यात कोण न्हाय. रडणं न्हाय, आवाज न्हाय. वास मात्र आला. मासळीचा न्हाय... दुधाचा. तान्ह्या पोराच्या तोंडाला येतो तो.

मागं वळून बघितलं. दांड्याचा शेवटचा केवडा पाण्यात गेला होता. दगड गेले होते. सगळे.

शिवदास, दार लोट जरा. वारा येतोय.

मग त्याला कळलं. तो एकाला न्यायला आला होता... आणि तिथं सगळी वाट बघत होती.

होडी कलत होती. डावी. उजवी. मागं. पाणी कडेला चार बोटांवर आलं. मग दोन. ओहोट त्याला दर्याकडं खेचत होती. समोर तोंडावर लाटा फुटत होत्या, पांढऱ्या. वल्हं मारून मारून हाताची सालं निघाली. काठावरनं तुळशी ओरडत होती. काय ओरडत होती ते ऐकू येत नव्हतं.

"मी एकट्यासाठी आलोय रं," तो बोलला. "होडी बारकी हाय..."

पुन्हा कलली.

पाणी आत आलं.

तवा तो ओरडला. "उतरा! पोरांनो, उतरा! बुडतोय मी!"

 कोणी उतरलं न्हाय.

त्याला वाटलं, आपल्या पोराला तेवढं नावानं हाक मारावी, तू बस बोलावं. तोंड उघडलं. आणि नाव... नावच नव्हतं. बारसं व्हायच्या आधी गेलेलं पोर ते. "माझं तेवढं राहा" बोलायचं, तर त्यातलं एकेक कुणाचं ना कुणाचं माझंच होतं ना रे?

काय करंल माणूस? काय करंल, सांगा तुम्ही!

तो हात जोडून बोलला, "उतरा रं बाबांनो. पाया पडतो."

आणि होडी उचलली. पहिल्यांदा नाळ वर आली. गाठोडं ठेवलं होतं ती बाजू. बापाचं ऐकलं पोरानं. सगळ्यांच्या आधी त्यानंच ऐकलं.

मग डावी बाजू. मग उजवी. एकेक. पाण्यात बारीक बारीक वर्तुळं उठली, नि ओहोटीबरोबर तोंडाकडं गेली...

भिकू काठाला कसा लागला ते त्याला आठवत न्हाय. तुळशी कमरेइतक्या पाण्यात आली. तिनं आधी गाठोडं घेतलं. गाठ त्यानं मारली तशीच होती. हातात घेतलं नि तिचं तोंड उतरलं. "ह्यात काय न्हाय," बोलली. सोडलं. लुगड्याचा तुकडा होता. त्यात ओली वाळू.

"कुठं हाय तो?"

भिकू होडी बांधायला वाकला.

"होडीत हाय का?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून हलवली का न्हाय म्हणून, ते त्यालाच ठाऊक न्हाय. तिनं हो धरलं.

उजाडलं तवा दांडा नव्हता. नुसतं पाणी. मी स्वतः बघितलं, ह्या डोळ्यांनी. नि खाडीत भिकूची होडी बांधलेली, रिकामी, पण सरळ तरंगत नव्हती. आम्ही चौघांनी ओढून वर घेतली, पालथी घातली, फळी न् फळी ठोकून बघितली. ठणठणीत. पुन्हा पाण्यात लोटली. तशीच बसली.

नारळाआधी होडी लोटली म्हणून गोदूबाई तोंड सोडंल, असं आम्हाला वाटलं होतं. ती आली, होडी बघितली, नि पदर तोंडाला लावून खाली बसली. तिची पण दोन होती तिकडं. मग आळीतल्या बायका आल्या. कुणी बोलावलं न्हाय, एकेक करून आल्या. माझ्या घरातली पण आली. आमचं एक गेलं होतं, त्याला किती वर्षं झाली होती, मी तर विसरलो होतो. ती विसरली नव्हती. कडेला हात लावून उभी राहिली, नि मला तिच्याकडं बघवेना.

तुळशी पुढं बसली होती, नाळेपाशी. लाकडावर हात थोपटत होती, हळूहळू, निजवल्यागत. आम्हाला बोलली, "आवाज करू नका."

भिकूनं मला बाजूला घेतलं. बोटानं दाखवलं. 

नाळ वर होती. हलकी. खाली बसली होती ती होडीची मागली बाजू. मागं चढलेली उतरलीच नव्हती.