चौदा नंबरचा दगड

त्या सकाळी वेइहायवेइच्या डोंगरांवर असं धुकं उतरलं होतं, की हवालदार त्सायला आपल्याच खेचराचे कान दिसत नव्हते. खाली समुद्र होता, पण तो नुसता कानाला कळत होता. खिंडीत दगड पुढ्यात आला, तेव्हा त्साय खाली उतरला आणि अकरा वर्षांच्या सवयीनं दोर दगडाला बांधू लागला. मग एकदम थबकला.

हा दगड इथं कसा?

चौदा नंबरचा दगड पुढं, उताराखाली, ओढ्याकाठी असायचा. दगडाच्या अलीकडे इंग्रजांचं राज्य, पलीकडे चीनचं. आज तो पाचशे पावलं वर चढून आला होता. अक्षरं तीच, शेवाळ तसंच. खिंड आणि ओढ्याच्या मध्ये एकच घर होतं, पाथरवट क्वानचं. ते रातोरात साम्राज्याबाहेर गेलं होतं.

त्सायच्या खिशातला कागद त्याच घरासाठी होता.

दोर घसरला. त्यानं पुन्हा बांधला. तो पुन्हा घसरला.

"बघितलंत, हवालदार?" धुक्यातून मेंग फू-कुई ओरडत आला. "आमच्या धाकटीनं राज्याची हद्दच उचलून आणली!"

धाकटी म्हणजे लिएन, मेंगच्या वारलेल्या भावाची बायको. पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्याशी तिचं लग्न लावून द्यायचा मेंगचा बेत होता. ती पळून क्वानकाकाकडे आली. मेंग कोर्टात गेला. इंग्रज साहेबानं पुस्तक उघडून गावचा जुना रिवाज पाहिला आणि निकाल दिला: विधवा सासरची. हवालदारानं तिला मेंगच्या ताब्यात द्यावं.

मेंगच्या मागून एक किडकिडीत माणूस झोपेत चालल्यासारखा आला. हे याओ मास्तर. पूर्वी ते चिनी कचेरीत कारकून होते. आता लपवलेल्या गोष्टी शोधून द्यायचे. त्सायची त्यांची जुनी ओळख.

"तू पलीकडे का जात नाहीस?" याओंनी विचारलं.

"हुकूम आहे, मास्तर. दगडापलीकडे पाऊल नाही. मागं एक शिपाई चोरामागं गेला, तर तिकडच्या सैनिकांनी त्याला सहा महिने डांबला."

"आणि साहेबांचा नकाशा?"

"पेटाऱ्यात भरून बोटीवर गेला. परवा इंग्रजांचा झेंडा उतरतोय ना, सगळा मुलूख चीनला परत."

"म्हणून तर माझी घाई!" मेंग म्हणाला. "परवानंतर इथं नवा चिनी कायदा, त्यात म्हणे विधवा आपल्या मर्जीची. मग या कागदात शेंगदाणेच बांधायचे. मास्तर, दगड कुणी हलवला तेवढं सांगा."

"ओढ्याकाठी जाऊन आलास, मेंग?"

"आलो की. तिथं नुसती कडब्याची गंजी. दगड नाही, खड्डासुद्धा नाही."

याओंनी डोळे मिटले. "खड्डासुद्धा नाही," ते स्वतःशीच पुटपुटले.

हाक मारल्यावर लिएन आणि क्वान चढण चढून आली. धुक्यात आधी त्यांच्या सावल्या दिसल्या, मग चेहरे. लिएन दगडाच्या पलीकडेच थांबली.

"काल कुठं होतीस, पोरी?" याओंनी विचारलं.

"घरी. मी काय चार माणसांचा दगड उचलीन? तेवढं बळ असतं, तर आधी या थोरल्या दिरालाच उचलून समुद्रात टाकला असता."

त्सायला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात दडवलं.

"आणि क्वानदादा, हा दगड तुमच्या ओळखीचा?"

"न ओळखायला काय झालं? तीस वर्षांमागं हद्दीचे सगळे दगड मीच घडवले," म्हातारा ताठ मानेनं म्हणाला. "इंग्रजी अक्षर कळत नव्हतं, पण एक रेघ चुकली नाही. ही वरची खाण माझीच."

याओंनी दगडावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि उताराखाली धुक्यात नाहीसे झाले. बराच वेळ फक्त लाटा ऐकू येत राहिल्या. परतले तेव्हा त्यांचे जोडे चिंब भिजले होते.

"दगड कुणी हलवला, हे विचारलंस ना, मेंग? कुणीच हलवला नाही."

"म्हणजे?"

"ओढ्यापासून इथवर गवताचं पातं मोडलेलं नाही. चार माणसं ओझं घेऊन चढली असती, तर वाट तुडवली गेली असती. वरच्या खाणीकडून मात्र ओंडक्यांवरून काही घरंगळत आल्याच्या खुणा आहेत. शेवाळाला राळ्याच्या पेजेचा आंबट वास येतो. नव्या दगडाला पेज फासून सावलीत ठेवला, की तो लवकर म्हातारा होतो. पाथरवटांना हे ठाऊक असतं."

क्वान पायांकडे पाहू लागला.

"आणि कडबा ओल्या काठावर कोण रचतो? कुजून जाईल तो. हलवलेल्या दगडाचा खड्डा उरला असता. खड्डा नाही, कारण दगड अजून तिथंच आहे, गंजीच्या पोटात. मी हात घालून पाहिला." याओ वळले. "त्साय, अकरा वर्षं तुझा दोर चौदा नंबरला घासतोय. तिथं बोटभर खाच पडलीय. तो बघ, आज दोर घसरून खाली पडलाय. तेव्हाच तुला कळायला हवं होतं."

त्सायचे कान तापले.

"मग घर इंग्रजांच्या हद्दीतच!" मेंगनं टाळी वाजवली. "चला हवालदार, धरा तिला!"

लिएन पळाली नाही. "क्वानकाकांना काही करू नका," ती म्हणाली. "दगड घडवा म्हणून मीच पाय धरले त्यांचे. तीनच दिवस हवे होते मला."

याओ भिजलेले जोडे काढून झटकू लागले. त्यांचं काम झालं होतं. आता सगळे त्सायकडे बघत होते.

त्यानं कागद काढला आणि सावकाश वाचला. त्याला सगळंच सावकाश जमायचं. त्यावर साहेबाची सही होती. त्या साहेबानं लिएनला कोर्टात एकही प्रश्न विचारला नव्हता. त्सायनं कागदाची नीट घडी घातली.

"मेंगशेठ, सरकारी दगड एक असतो. इथं निघाले दोन."

"खरा कोणता ते मास्तरांनी सांगितलं की!"

"मास्तर खाजगी माणूस. मी हवालदार. हद्द ठरवायचा हुकूम आम्हा दोघांनाही नाही. नकाशा पाहून साहेबच ठरवणार. तुम्ही अर्ज करा."

"साहेब परवा बोटीत बसतोय!"

"मग पाय उचला."

मेंगनं शिव्या दिल्या, पाय आपटले आणि अखेर बंदराकडे धावत सुटला. धुक्यात त्याची पावलं विरून गेली.

"मी तुला मंद समजत होतो," याओ हळूच म्हणाले.

"आहेच मी मंद, मास्तर. अकरा वर्षं नोकरी केली, त्यात साहेबलोकांकडून एवढंच शिकलो."

तिसऱ्या दिवशी झेंडा उतरला. तो कागद पुन्हा कुणी मागितला नाही. आठवड्यानं त्साय अंगावर बिल्ला नसताना त्या वाटेनं गेला, तेव्हा लिएन ओढ्याकाठच्या शेतात गहू पेरत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मूठ उघडून दाणे सोडले आणि नांगराच्या पुढच्या तासाला लागली.