अझैब्यातल्या ऑर्गनचा भाता

लग्न होऊन मस्कतला आले त्याला तेवीस दिवस झाले होते. गुरुवारची रात्र, उद्या सुट्टी. अल् खुवैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणं झाली आणि ह्यांच्या ऑफिसातल्या धनंजयकाकांनी ट्यूब बंद करायला लावली.

"भुतं उजेडात लाजतात," म्हणाले.

मी नवी नवरी. लाजण्याचा मला ताजा अनुभव होता.

"आमच्या रमणची गोष्ट. अगदी खरी. सतरा जुलै सत्त्याण्णव, रात्री साडेदहा."

रमण एसी मेकॅनिक, कणकवलीकडचा, गावच्या भजनात पेटीवाला. मस्कतमधल्याच अझैब्यात एका इंग्रज म्युझिक टीचरच्या व्हिलात एसी बंद पडला होता. खोलीत जुना लाकडी ऑर्गन. उष्म्यानं तडकला असता. साहेब पहाटेच्या विमानानं परतणार. अर्बाबनं, म्हणजे त्याच्या अरब मालकानं, बजावलं होतं, "खोली थंड नाही झाली तर व्हिसा कॅन्सल. खलास."

किल्ली दिली स्वयंपाकीण अमीरुन्निसानं. रत्नागिरीची.

"साहेब लंडनच्या एका ऑर्गनवाल्यावर बुक लिहितो, भाऊ. अडीचशे वर्षांपूर्वीचा. आंधळा. एकदा ऐकलं की अख्खं बोटांत. चाली स्वतः बांधायचा."

"आता काय करतो?"

"मेला की! पण रात्री मी त्या खोलीत जात नाही."

रमणनं मेन स्विच पाडला. खिडकीतला एसी ओढून खोलला. कॉम्प्रेसर जळालेला. रात्रीत दुसरा कुठून आणणार? हताश होऊन बसला, तर बॅटरीच्या उजेडात ऑर्गनच्या कडेला एक दांडा दिसला. हातभात्याचा. पेटीवाल्याचा हात तो... राहवलं नाही. दोनदा मारला.

एक सूर उमटला.

पट्टीला कुणी हात लावला नव्हता.

"मग?" हे म्हणाले.

"मग दुसरा. मग... सगळे. पट्ट्या आपोआप खाली. रमणनं दांडा सोडला. सूर घसरला... माणूस गुदमरतो ना, तसा. त्यानं परत धरला."

"पळायचं ना, काका!"

"भजनातला शेवटचा गजर होण्याआधी पेटीवाला उठतो का रे? तो आंधळा वाजवतोय. वारा आपला. सोडला, तर..."

फ्रिज गुरगुरला. सगळे दचकले.

"अजान झाली. तेव्हा थांबलं. रमण दांड्याला टेकलेला. व्हिसा गेला, एवढंच डोक्यात. दार उघडलं... साहेब. आत पाऊल टाकलं नि कोट छातीशी आवळला. म्हणाला, 'शाबास. आमचं चर्च डिसेंबरात असंच असतं.' बोलताना त्याच्या तोंडातून वाफ येत होती."

काका उठून चपला शोधू लागले.

"म्हणजे एसी दुरुस्त झाला?" मी विचारलं. पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"मेन स्विच पाडलेलाच होता, सूनबाई," काका म्हणाले. "आणि एसी... सुटा होऊन फरशीवर पडलेला."