कॅमेऱ्याच्या मागे

झिर्रर्र... टक्.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सव्वादोनला घरात कसलाच आवाज नसतो. लेक झोपलेली, भांडी पालथी घातलेली, फ्रीजची घरघरसुद्धा नेमकी थांबलेली. तेवढा पाऊण तास तिचा स्वतःचा. त्या शांततेत बाहेरच्या खोलीतल्या फळीवर कॅमेऱ्याने आपणहून भिंग बाहेर काढलं होतं.

तिने जाऊन बटण दाबलं. भिंग आत गेलं. ती वळते न वळते तोच पुन्हा झिर्रर्र... टक्.

"बरं, कळलं," असं म्हणून तिने बॅटरीच काढून ठेवली आणि गार झालेला चहा तसाच प्यायला घेतला. हल्ली तिला गार आणि गरम यांत फारसा फरक वाटत नसे.

कॅमेरा नवऱ्याचा होता. सात महिन्यांपूर्वी तो सकाळी कामावर निघाला आणि रस्त्यातच छातीत कळ येऊन गेला. माणूस ताडमाड उंच. ही पाच फुटांना दोन बोटं कमी. फ्रीजच्या माथ्यावर बोट फिरवून तो धूळ दाखवायचा. "तुला दिसत नाही ना, म्हणून तू सुखी आहेस."

"दिसते ना तुला? मग पूस की! नुसत्या रेघा काय ओढतोस?" ती म्हणायची.

दर महिन्याच्या एक तारखेला तो लेकीला स्वयंपाकघराच्या दारात उभी करायचा. पाय कुठे ठेवायचे ते कळावं म्हणून जमिनीवर दोन निळ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मग कोपरं अंगाशी घट्ट, सगळा भार एका पायावर, कॅमेरा डोळ्याशी. "हं, बुटके, वर बघ."

तो गेल्यावर आठेक दिवसांनी लेकीने विचारलं, "बाबाचा फोटो कुठाय?" तिने लग्नाचा अल्बम काढला. त्यातला बारीक, मिशीवाला माणूस लेकीने "हा नाही" म्हणून परत केला. मग कॅमेरा उघडला. चारशेवर फोटो, आणि एकातही तो नाही. काढणारा तोच, मग असणार कसा? चार वर्षांचं पोर तोंडाकडे बघत होतं. काहीतरी सांगायला हवं होतं.

"बाबा कॅमेऱ्याच्या मागे आहे," ती म्हणाली. "म्हणून दिसत नाही."

लेकीला ते ताबडतोब पटलं. त्या दिवसापासून तिने रडणं बंद केलं. म्हणूनच कॅमेरा बिघडला तेव्हा तो टाकून देणं एवढं सोपं नव्हतं.

दुरुस्तीवाल्याचं दुकान दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखाली. काचेचं टेबल, त्यावर औषधाच्या झाकणांत जपून ठेवलेले बारीक स्क्रू. माणूस बोलका. एक सवय मात्र पक्की: दुरुस्ती झाली की समोरच्या भिंतीवर लावलेल्या चौकटीच्या कागदाचा फोटो काढायचा आणि रेघा मोजायच्या. "ताई, डोळे फसवतात. रेघा नाही फसवत."

त्याने भिंग फिरवणारी मोटर बदलून दिली. कॅमेरा आपणहून उघडायचा थांबला.

एक तारीख आली. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिने लेकीला पट्ट्यांवर उभं केलं, कॅमेरा छातीशी धरला आणि फोटो काढला.

"वर काय बघत होतीस गं?"

"फोटो काढताना वरच बघायचं असतं," लेक म्हणाली.

फोटोत लेकीचा भांग दिसत होता. वरून काढल्यासारखा. तिच्या मागे, आत, फ्रीजचा माथा अख्खा दिसत होता. त्यावर दाट धूळ, आणि धुळीत बोटाने ओढलेली एक रेघ.

ती स्टूल घेऊन वर चढली. रेघ होती. सात महिन्यांत ती धुळीने भरून जायला हवी होती. ती स्वच्छ होती.

तिने फडकं आणून सगळं पुसलं, फडकं धुतलं आणि दोरीवर टाकलं.

"स्टुलावर चढून काढला का हो?" दुरुस्तीवाल्याने कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढून फोटो पाहिला.

"नाही. छातीशी धरला होता."

"असं कसं होईल? ही दाराची कड बघा, हा फ्रीजचा काठ. हा फोटो पावणेसहा फुटांवरून काढलाय. तुम्ही उड्या मारल्यात तरी..." तो हसला. ती हसली नाही.

त्याने आतलं भिंग काढून पुन्हा बसवलं. चौकटीच्या कागदावर रेघा सरळ आल्या. घरी आणल्यावर पुन्हा तेच. लेकीचा भांग, आणि वर वळलेली नजर. तिसऱ्यांदा त्याने कॅमेरा आठवडाभर ठेवून घेतला.

"माझ्याकडे गुणी बाळासारखा वागतो हा," कॅमेरा परत देताना तो म्हणाला. "दोष एकही नाही, शपथेवर सांगतो. पण ताई, ठेवू नका. माझं ऐका. सुटे भाग करून मी वापरीन, तुम्ही दुसरा बघा."

"विचार करते."

"त्यात विचार कसला?" पण हे तो कॅमेऱ्याकडे न बघताच बोलला.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "अगं, रडलीस का एकदा तरी?"

"वेळच मिळत नाही, ताई."

"रडायला काय रजा टाकावी लागते? आणि तो कॅमेरा दे बघू कुणाला तरी. पोरगी दिवसभर त्यालाच सगळं सांगत बसते म्हणालीस ना?"

"तो दिला तर तिच्याकडे बाबाचं काय उरणार?"

नणंद म्हणाली, "तू जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी भरपूर उजेड होता. तिने ठरवलं, एकदा हात न लावता बघायचं. जेवणाचं टेबल दारासमोर ओढलं. त्याची उंची टेपने मोजली: अडीच फूट. त्यावर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि पळत जाऊन लेकीशेजारी पट्ट्यांवर उभी राहिली. समोर सरळ बघत. मुद्दाम सरळ.

टक्.

फोटो वरून आला होता.

दोघींचे भांग दिसत होते. लेक वर बघत होती.

तीही वर बघत होती.

आणि हसत होती. ओठ दाबून, डावा गाल जरा आत ओढून. तसं ती कुणासमोर हसत नसे. एकाच माणसासमोर हसायची, तेही त्याने बुटकी म्हटल्यावर.

तिने आरशासमोर जाऊन चेहरा पाहिला. चेहरा हलला नाही. तिला भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. दूध उतू जाईल एवढंच सुचलं, म्हणून तिने गॅस बंद केला.

सोमवारी तिने अर्धी रजा टाकली. लेकीला घेऊन दुकानात गेली आणि कॅमेरा काचेवर ठेवला.

"सुटा करा."

"आत्ता?"

"माझ्यासमोर."

त्याने स्क्रू काढले. भिंग वेगळं, पडदा वेगळा, पाठ वेगळी. कार्ड काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवलं. लेक टाचा उंचावून सगळं बघत होती. तिने हट्ट केला नाही.

घरी आल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. तिने कार्ड कपाटात ठेवलं. लेकीचे बूट काढले, पाय पुसले. फ्रीजची घरघर थांबली. फळीवरची जागा रिकामी होती, आणि ती बघूनही तिला काही वाटलं नाही. बरं झालं, असं ती मनाशी म्हणाली.

वळून पाहिलं तर लेक झोपायला गेलेली नव्हती.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाय निळ्या पट्ट्यांवर, जुळवलेले. मान वर. बराच वेळ हसून हसून तिचे गाल दमलेले दिसत होते.

"आई," ओठ न हलवता, हळूच, फोटो बिघडू नये तसं ती म्हणाली, "कॅमेरा तर आपण देऊन टाकला ना?"

"हो."

"मग बाबाने हात अजून तसेच डोळ्याशी का धरलेत?"